इमारत त्यांची, कोंडी आपल्या दुकानापुढे
नव्या बांधकामाआधी रस्त्याचा हिशेब झालाच पाहिजे

सकाळी अकराच्या सुमारास मुंबईच्या नळबाजारात, अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा मुसाफिरखान्याच्या गल्लीत उभे राहून पाहावे. मालाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकलेला असतो. हमाल हातगाडीवर गाठोडी रचून वाट काढत असतो. दुकानदार एक डोळा गिऱ्हाइकावर आणि दुसरा वाहतूक पोलिसावर ठेवून माल उतरवून घेत असतो. दंड झाला तर तो मालाच्या खर्चात धरायचा. हमालाचा तास वाया गेला तर तोही धरायचा. पण कोंडीला कंटाळून जे गिऱ्हाईक नाक्यावरूनच परत गेले, त्याची नोंद कोणत्या वहीत करायची? मालेगाव, भिवंडी, सोलापूर, औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, व्यापारी बांधवही हेच सांगतील. आपण याला "रोजचीच कटकट" म्हणतो आणि कामाला लागतो.

ही कटकट आभाळातून पडलेली नाही, असे आमचे म्हणणे आहे. कुठे तरी एक नकाशा मंजूर होतो. कोपऱ्यावरची जुनी चाळ जाते आणि तिच्या जागी मॉल, कचेऱ्यांची इमारत किंवा चाळीस मजल्यांचा टॉवर उभा राहतो. रस्ता मात्र होता तेवढाच राहतो. नकाशा मंजूर करताना पाणी किती लागेल, मैला कुठे जाईल, आग लागली तर बंब कुठून येईल, हे विचारले जाते. या इमारतीत रोज किती माणसे, किती गाड्या, किती माल ये-जा करणार आणि तो भार कोणता रस्ता उचलणार, हा प्रश्न मात्र एकतर विचारलाच जात नाही किंवा उपचार म्हणून विचारला जातो. हा प्रश्न कधी, कोणाला आणि कसा विचारायचा याची पक्की सरकारी नियमावली हवी. ती होईल तेव्हा तिच्यात बाजाराचा हिशेब हवा, नाहीतर हीच नियमावली उद्या आपल्यावर उलटेल. ती कशी उलटेल, ते पुढे सांगतो.

आधी इमारती, मग विचार

पहिला धडा परळ-लोअर परळचा आहे. मुंबईत ५८ कापड गिरण्या आणि त्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तरतूद होती की गिरणीची जमीन विकासाला काढली तर तिचा मोठा वाटा मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी द्यावा. १९९६ साली सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्व गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करावा, असा तिचा रोख होता. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची होईल, जुन्या बांधकामाखालच्या जमिनीची नाही. त्यामुळे शहराच्या वाट्याला येणारी जमीन आटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. मग गिरणीच्या प्रत्येक आवाराने आपापला नकाशा मंजूर करून घेतला. मॉल आले, कचेऱ्या आल्या, टॉवर आले.

जिथे गिरणी कामगार पाळीनुसार चाळीतून चालत कामावर येत होता, तिथे आता हजारो नोकरदार रोज लोकलने उतरू लागले. त्यांच्या वाटेवरचा पादचारी पूल मात्र जुनाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी ऐन गर्दीच्या वेळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या त्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे प्राणास मुकली. वरून पाऊस होता, अफवा होती, हे सर्व खरे. पण पाऊस मुंबईला नवा नाही. नवी होती ती गर्दी, आणि ती मंजूर नकाशांतून आली होती. एकेक इमारत मंजूर होताना सर्व इमारतींची मिळून किती पावले या पुलावर पडतील, याची बेरीज कोणी केली नाही. रस्त्याचा हिशेब न करता बांधलेल्या इमारतीची किंमत कोण मोजतो, ते त्या सकाळी दिसले.

कायदा कुठे थांबतो

आज काही तरतूद नाही असे नाही. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरणाची मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या अर्जात वाहतुकीविषयीही विचारणा होते. पण इथे तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण मर्यादेची. २०,००० चौरस मीटर म्हणजे दोन लाख चौरस फुटांहून जास्त. ज्या बाजाराचा रस्ता आधीच तुंबलेला आहे, तिथे याच्या चौथाई आकाराची इमारतही पुरेशी आहे. इंग्लंडमध्ये सरकारने २००७ साली याच विषयाची मार्गदर्शिका काढली होती. तिच्यात ८०० चौरस मीटरपेक्षा मोठे खाद्यपदार्थांचे दुकान, १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठे इतर मालाचे दुकान, ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठे गोदाम आणि ८० पेक्षा जास्त घरे यांना वाहतुकीचा पूर्ण अहवाल लागे, आणि त्याहून लहान कामाला छोटे टिपण पुरे. २०१४ मध्ये ती मार्गदर्शिका मागे घेतली गेली आणि कोणाकडून किती हिशेब मागायचा हे बरेचसे स्थानिक नियोजन खात्यावर सोपवले गेले. तरी हिशेब मागण्याची रीत तिथे टिकून आहे. दुकान, गोदाम, कचेरी आणि घर यांची वर्दळ सारखी नसते, म्हणून मापही वेगळे हवे, हे त्यातले शहाणपण आपण घ्यावे. आपल्याकडे सर्वांना एकच गज लावला जातो.

दुसरी अडचण सुनावणीची. खाण किंवा मोठा कारखाना निघायचा असेल तर परिसरातल्या लोकांसाठी जनसुनावणी होते. इमारतींच्या आणि नगर-वसाहतींच्या प्रकल्पांना त्याच २००६ च्या अधिसूचनेत या सुनावणीतून सूट आहे. म्हणजे आपल्या दुकानासमोर तीन वर्षे खड्डा आणि पुढे जन्मभर कोंडी राहणार असली, तरी आपल्याला बोलावून विचारणे कोणावर बंधनकारक नाही.

तिसरी अडचण अहवाल लिहिणाऱ्याची. वाहतुकीचा अहवाल तयार करणारा सल्लागार बांधकाम करणाराच नेमतो आणि त्याची फीही तोच देतो. सर्वच सल्लागार अप्रामाणिक असतात असे आम्ही म्हणत नाही. पण विकणाऱ्याच्याच तराजूवर माल तोलून घेण्याची सवय कोणत्याही व्यापाऱ्याला नसते, आणि सरकारलाही नसावी.

यात एक दिलासा नोंदवला पाहिजे. २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे यांच्या मोठ्या बांधकामांना या मंजुरीतून सूट दिली होती. ५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. बांधकाम कशासाठी आहे यापेक्षा त्याचा भार किती पडतो हे पाहावे, हा सरळ न्याय आहे.

हातगाडी म्हणजे तीन मोटारी

आता नियमावली आपल्यावर कशी उलटू शकते, ते पाहू. रस्त्यावरची वाहतूक मोजताना इंजिनिअर सर्व वाहनांचे रूपांतर मोटारींत करतात. एक मोटार म्हणजे एक एकक. भारतीय रस्ते काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सायकल अर्धा किंवा त्याहून कमी, रिक्षा १.२ ते २, हलका टेम्पो १.४ ते २, ट्रक किंवा बस २.२ ते ३.७, आणि हातगाडी २ ते ३ एकके धरली आहे. वाहतुकीत त्या वाहनाचा वाटा वाढला की वरचा आकडा लावायचा. म्हणजे हमालाची एक हातगाडी कागदावर दोन-तीन मोटारींएवढी. त्याच पुस्तकात दोन पदरी, दुतर्फा वाहतुकीचा, कडेला दुकाने आणि उभ्या गाड्या असलेला रस्ता तासाला ९०० एकके पेलतो, असे धरले आहे.

आता एक उदाहरण मांडू. समजा, अशा रस्त्यावर तीनशे घरांचा टॉवर होणार आहे आणि सकाळच्या एका तासात त्यातून शंभर मोटारी बाहेर पडणार आहेत. म्हणजे शंभर एकके, रस्त्याच्या क्षमतेचा नववा भाग. रस्ता आधीच भरलेला आहे. मग जागा कशी करायची? सल्लागार वही उघडतो. त्याच तासात या रस्त्यावरून तीस हातगाड्या जातात, म्हणजे साठ ते नव्वद एकके. उपाय तयार! "मंदगती वाहनांना गर्दीच्या वेळी मनाई करावी, रस्त्यावर माल उतरवणे बंद करावे, पदपथावरील अतिक्रमणे हटवावीत." कागदावर शंभर मोटारींची जागा झाली. टॉवरला मंजुरी मिळाली.

त्या तीस हातगाड्यांवर तीस हमालांच्या घरची चूल पेटते आणि दोन-अडीचशे गाळ्यांचा माल पोचतो, हे त्या वहीत कुठेच येत नाही. ती वही वाहनाने किती जागा अडवली ते मोजते, त्या वाहनाने काय काम केले ते मोजत नाही. एकटा माणूस बसलेली मोटार एक, आणि चार दुकानांचा दिवसाचा माल वाहणारी हातगाडी तीन! इंजिनिअरांचा दोष नाही, त्यांना रस्त्याची रुंदीच मोजायला सांगितलेली असते. सरकारने स्वतः २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात म्हटले आहे की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटली पाहिजे. त्या धोरणाला धरून हिशेब मांडला तर कामाची हातगाडी आणि रिकामी मोटार एका तराजूत बसणार नाहीत.

परदेशातही हा धडा उशिराच शिकले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नव्या बांधकामामुळे चौकात मोटारींचा खोळंबा किती वाढतो, यावरून त्याचा परिणाम ठरवीत. त्याचा फळ असे आले की जुन्या वस्तीत बांधणे अवघड झाले, गावाबाहेर मोकळ्या माळावर बांधणे सोपे, आणि प्रत्येक दुखण्यावर औषध एकच, रस्ता रुंद करा. २०१३ च्या कायद्याने ही पद्धत बदलायचे ठरले आणि १ जुलै २०२० पासून तिथे मोटारींच्या खोळंब्याऐवजी बांधकामामुळे एकंदर मोटारींची धाव किती मैलांनी वाढते ते पाहतात. आपण सुरुवातच करत असू तर त्यांनी टाकून दिलेले माप उचलण्याचे कारण नाही.

मोजणी कोणत्या दिवशी?

मोजणी कधी केली यावर आकडा ठरतो. सल्लागाराची माणसे एखाद्या मंगळवारी सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात उभी राहिली, तर त्यांना कचेरीची गर्दी सापडेल, बाजाराची सापडणार नाही. मोहम्मद अली रोडची गर्दी रमजानमध्ये इफ्तारनंतर सुरू होते आणि सहरीपर्यंत चालते. ईदच्या आदल्या रात्री, दिवाळीच्या आठवड्यात, लग्नसराईत, शाळा उघडताना प्रत्येक बाजाराचा आपला हंगाम असतो. वर्षाची निम्मी कमाई ज्या दिवसांत होते ते दिवस मोजणीत नसतील, तर तो हिशेब अपुरा आहे.

तसेच, रस्त्याने पुढे निघून जाणारे आणि रस्त्यावर थांबणारे यांत फरक केला पाहिजे. मोहम्मद अली रोडवरून जे. जे. पर्यंतचा उड्डाणपूल २००२ मध्ये खुला झाला. दक्षिण मुंबईत जाणाऱ्या मोटारी वरून निघून जाऊ लागल्या. खालच्या बाजारात माल उतरवायला जागा मात्र त्याने वाढली नाही. बाजाराला वेगाने जाणारा रस्ता लागत नाही, टेम्पोला वीस मिनिटे उभे राहायला हक्काची जागा लागते.

थेंबे थेंबे तळे साचते

भिवंडीचे उदाहरण कारागीर बांधवांच्या जवळचे आहे. यंत्रमागाचे हे शहर मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्याने इथे गोदामे वाढली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर कंपन्यांना प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज उरली नाही, आणि मोक्याच्या जागी मोठमोठी गोदामे उभारण्याकडे कल वाढला. भिवंडीभोवतीच्या गावांत गोदामांच्या रांगा लागल्या. यातून रोजगार आला, हे कबूल केले पाहिजे. पण सुताचे बाचके घेऊन जाणारा यंत्रमागवाल्याचा टेम्पो आणि देशभर माल पाठवणारा लांबलचक कंटेनर एकाच नाक्यावर अडकले. एकेक गोदाम मर्यादेखालचे असू शकते, पण शंभर गोदामांची बेरीज मर्यादेखालची नसते. म्हणून हिशेब एका भूखंडाचा न करता पट्ट्याचा करावा. परळच्या पुलाने हेच शिकवले होते.

नियमावलीत काय असावे

आमच्या मते सरकारने ही नियमावली करताना पुढील गोष्टी तिच्यात घालाव्यात.

१. मर्यादा इमारतीच्या प्रकारानुसार आणि रस्त्याच्या सध्याच्या स्थितीनुसार ठरवावी. अरुंद आणि भरलेल्या रस्त्यावर लहान इमारतीचाही हिशेब मागावा.

२. सल्लागाराची नेमणूक महापालिकेने आपल्या यादीतून करावी. फी बांधकाम करणाऱ्याकडून घ्यावी, पण ती पालिकेमार्फत द्यावी.

३. मोजणीत पायी चालणारे, हातगाड्या, सायकली, माल चढवणे-उतरवणे आणि फेरीवाले हे वेगवेगळे दाखवावेत. बाजाराच्या हंगामातली एक मोजणी सक्तीची असावी.

४. कोंडीवरचा उपाय बांधकाम करणाऱ्याने आपल्या भूखंडात आणि आपल्या खर्चाने करावा. माल उतरवण्याची जागा आत ठेवावी, गाड्यांचे दार बाजाराच्या तोंडावर न ठेवता मागे ठेवावे, गाडीतळ गरजेपुरताच ठेवावा. शेजाऱ्याचा धंदा बंद करून आपली वाट मोकळी करणे हा उपाय धरू नये. पथविक्रेत्यांबाबत २०१४ चा कायदा आहेच. सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना हटवता येत नाही आणि नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. वाहतुकीच्या अहवालाने या कायद्याला बगल देऊ नये.

५. अहवाल मराठीत, आणि जिथे गरज तिथे उर्दू-हिंदीतही, वॉर्ड कचेरीत लावावा आणि परिसरातल्या दुकानदारांना व रहिवाशांना म्हणणे मांडण्याची मुदत द्यावी.

६. इमारत वापरात आल्यावर एका वर्षाने पुन्हा मोजणी व्हावी. अहवालात लिहिले त्यापेक्षा वर्दळ जास्त निघाली, तर उरलेले काम बांधकाम करणाऱ्याकडून करून घ्यावे. त्यासाठी आधीच अनामत रक्कम घेऊन ठेवावी.

आपलाही दोष

नव्या बांधकामाला आमचा विरोध नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजार भागातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा बळी गेला. जुन्या इमारती उतरवून चांगली घरे झालीच पाहिजेत. पुनर्विकासात दुकानदाराला गाळा मिळेलच. पण त्या गाळ्यापर्यंत माल आणि गिऱ्हाईक पोचेल का, हेही करारावर सही करण्याआधी विचारा, एवढेच आमचे सांगणे आहे.

आणि आरशातही पाहावे लागेल. दुकानाचा माल पदपथावर मांडणारे आपणच. आपली स्कूटर दुकानासमोर दिवसभर उभी करून गिऱ्हाइकाची जागा अडवणारेही आपणच. टेम्पो भर दुपारी बोलावणारे आणि शेजाऱ्याच्या टेम्पोवर ओरडणारेही आपणच. मुंबईचे घाऊक बाजार गर्दीचे कारण सांगून वाशीला हलवले गेले, तेव्हा बाजारांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते, पण पुढे ठेवायला आकडे थोडे होते. आकडे नसतील तर बाजार हा अडथळाच ठरतो.

म्हणून प्रत्येक बाजाराच्या व्यापारी संघटनेने एक वही उघडावी. रोज किती टेम्पो येतात, किती वाजता येतात, किती वेळ थांबतात, किती हातगाड्या आणि किती हमाल काम करतात, हंगामात हे किती वाढते, ते लिहावे. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले आठ दिवसांत हे काम करतील. माल उतरवण्याच्या वेळा आपसात ठरवून घ्याव्यात. विकास आराखड्यात किंवा नियमावलीत बदल करताना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळते. ती पाहण्याचे काम संघटनेने एका माणसावर सोपवावे. मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरण मंजुरीचे अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर पाहता येतात, आणि जे तिथे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येते.

व्यापारी बांधवांनो, दुकानातला पैसा-पैसा आपण संध्याकाळी मोजतो. दुकानापुढचा रस्ताही आपल्या भांडवलाचाच भाग आहे, पण त्याचा हिशेब आपण आजवर दुसऱ्यावर सोडला. पुढच्या महिन्याच्या संघटनेच्या बैठकीत वर्गणी आणि दिव्यांच्या रोषणाईच्या विषयानंतर हा एक विषय घ्या. वही आणि पेन्सिल घेऊन नाक्यावर कोण उभे राहणार, त्याचे नाव त्याच बैठकीत लिहा.